पिठाला लागलेली कीड कशी ओळखावी आणि घरातून कशी घालवावी

पावसाळा सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की घरोघरी एकच प्रसंग घडतो. पोळ्यांसाठी पीठ परातीत काढावे आणि त्यात एखादा तांबूस ठिपका हलताना दिसावा. मग सगळे पीठ चाळले जाते, सापडलेले किडे टाकून दिले जातात आणि पीठ पुन्हा त्याच डब्यात भरले जाते. पंधरा-वीस दिवसांनी किडे पुन्हा दिसतात आणि दोष गव्हाला, गिरणीला किंवा हवेला दिला जातो. या प्रत्येकाचा थोडाफार वाटा असतोही, परंतु कीड परत येण्याची मुख्य कारणे दोनच आहेत. चाळणीने मोठे किडे निघतात, त्यांची अंडी मात्र पिठाबरोबर खाली पडतात. आणि कीड ज्या जागेतून डब्यात शिरली, ती जागा तशीच राहते. या दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त केला तर कोणतेही औषध न वापरता घरातील पीठ स्वच्छ ठेवता येते.

किडा कोणता आहे ते आधी पाहावे

आपण सर्वांना मिळून ‘पिठातले किडे’ म्हणतो; कोणी पोरकिडे म्हणते, कोणी टोके, कोणी सोंडे. तरीही किडा नीट पाहणे गरजेचे आहे, कारण तो कोठून आला हे त्याच्या जातीवरून बरेचसे समजते. एक-दोन किडे पांढऱ्या कागदावर ठेवावेत आणि उजेडात निरखून पाहावेत. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन काढलेला फोटो मोठा करून पाहिला, तरी पुरेसे स्पष्ट दिसते.

तीन ते चार मिलिमीटर लांबीचा, चपटा, तांबूस तपकिरी रंगाचा आणि गुळगुळीत पाठीचा किडा असेल, तर तो पिठातील तांबडा भुंगेरा होय. आपल्याकडे पिठात आढळणाऱ्या किडींमध्ये याचाच त्रास सर्वाधिक असतो. याला अखंड, निरोगी दाणा फोडता येत नाही. म्हणून तो पीठ, रवा, मैदा, कोंडा आणि फुटके दाणे यांवर जगतो. मादी आयुष्यभरात तीनशे ते पाचशे अंडी घालते. अंडे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे आणि चिकट असते, त्यामुळे त्याला पिठाचे कण चिकटतात आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. अंड्यातून निघणारी पिवळसर अळी वाढून पाच-सहा मिलिमीटरची होते, मग कोषात जाते आणि त्यातून नवा भुंगेरा बाहेर पडतो. हवा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उबदार असेल, तर अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा हा प्रवास सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होतो. एरवी त्याला महिना-दीड महिना लागतो. तापमान २० अंशांच्या खाली गेले की ही वाढ जवळपास थांबते. प्रौढ भुंगेरा वर्षभरही जगू शकतो. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण दळण किती दिवसांचे आणावे याचे उत्तर त्यांच्यातच आहे.

किड्याच्या तोंडाला पुढे आलेली बारीक सोंड दिसली, तर तो धान्यातील सोंडकिडा असतो. त्याची मादी गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि ते भोक चिकट स्रावाने बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आत राहून दाणा पोखरत असल्यामुळे असे धान्य वरून निवडलेले आणि स्वच्छ दिसते. मऊ पिठात या किडीची वाढ होत नाही. म्हणजे पिठाच्या डब्यात सोंडकिडा सापडला तर खरी चौकशी गव्हाच्या कोठीची करायला हवी. मूठभर गहू पाण्यात टाकून पाहावा. पोखरलेले दाणे हलके होऊन वर तरंगतात.

तिसरा प्रकार जाळीचा. रव्यात, बेसनात किंवा बाजरीच्या पिठात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात आणि पिठाच्या लोंबत्या गाठी होतात. हे पतंगाच्या अळ्यांचे काम असते. स्वयंपाकघरात संध्याकाळी एखादे राखाडी पाखरू भिरभिरताना दिसत असेल, तर त्याचा संबंध या जाळीशी असण्याची शक्यता मोठी. पूर्ण वाढलेली अळी कोष करण्यासाठी डब्याबाहेर पडते आणि झाकणाच्या कडेला, फडताळाच्या कोपऱ्यात, कधी थेट छताच्या कडेला जाऊन बसते. म्हणून जाळी झालेला डबा टाकून दिला, तरी पाखरे पुढे काही आठवडे निघत राहतात आणि घरातील माणसे बुचकळ्यात पडतात.

पहिली पायरी: सर्व डबे बाहेर काढून कीड कोठून आली ते शोधावे

एका डब्यात किडे दिसले की तेवढाच डबा साफ करण्याची आपली सवय असते. ती मोडावी. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सर्व पिठे, रवा, मैदा, पोहे, शेवया, कडधान्ये, मसाले आणि सुकामेवा एकत्र ओट्यावर किंवा जमिनीवर कागद पसरून मांडावा. ज्या डब्यात काहीच सापडत नाही तो एका बाजूला, ज्यात सापडते तो दुसऱ्या बाजूला आणि शंका असलेला तिसरीकडे, अशी वाटणी करावी. शंका असलेल्या पिठासाठी एक सोपी परीक्षा आहे. पिठाचा पृष्ठभाग वाटीच्या बुडाने दाबून अगदी सपाट करावा, झाकण लावावे आणि डबा रात्रभर न हलवता ठेवावा. आत जिवंत भुंगेरे किंवा अळ्या असतील, तर सकाळी त्या सपाट पिठावर सुईने ओढल्यासारख्या नागमोडी रेघा दिसतात.

कीड जेथे दिसते त्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी तिचे मूळ असते, असा माझा अनुभव आहे. बहुतेक वेळा ते घरात विसरून गेलेल्या वस्तूत सापडते: मागच्या उन्हाळ्यातली सातूच्या पिठाची पुडी, उपवास संपल्यावर मागे सारलेले राजगिऱ्याचे पीठ, पक्ष्यांना घालण्यासाठी आणलेली बाजरी, कुत्र्याचे खाद्य, जुने धने, सुंठ. हळद, तिखट आणि धनेपूड यांतही एक बारीक, गोलसर तपकिरी भुंगेरा होतो आणि तो पातळ प्लॅस्टिकची पिशवी सहज कुरतडतो. त्यामुळे मसाल्यांचा डबा ‘तिखटात कोण जाईल’ असे म्हणून वगळू नये.

आमच्या घरी एका पावसाळ्यात तीन वेळा डबा धुतला, तीन वेळा नवे दळण आणले आणि तीनही वेळा किडे परत आले. अखेर एके दिवशी पीठ चाळून झाल्यावर चाळणी वर्तमानपत्रावर पालथी घालून जोरात आपटली, तेव्हा जाळी आणि पत्र्याचे कडे यांच्या सांध्यातून दाबून बसलेले जुने पीठ खाली पडले. त्या चिमूटभर पिठात चार-पाच पिवळ्या अळ्या वळवळत होत्या. ज्या चाळणीने आम्ही पीठ स्वच्छ करत होतो, तीच दर खेपेला नव्या पिठाला कीड लावत होती. त्या दिवसापासून शोधाच्या यादीत चाळणी, दळणाची कापडी पिशवी, पिठात कायम ठेवलेली वाटी आणि पोळपाटाचे पाय या वस्तू मी आवर्जून धरते. पिशवीची शिवण उलटी करून पाहावी. तिच्या दुमडीत साचलेले पीठ वर्षानुवर्षे तसेच राहते.

दुसरी पायरी: काय ठेवावे आणि काय टाकावे, याचा निर्णय

किडा दिसला म्हणून सगळे अन्न टाकून देणे पटत नाही आणि पटू नयेही. तथापि, निर्णय अन्नाच्या अवस्थेवर करावा, त्याच्या किमतीवर करू नये. पाच किलो पिठात दोन-चार भुंगेरे सापडले, वास ताजा आहे आणि रंग बदललेला नाही, अशा वेळी ते पीठ चाळून आणि पुढे सांगितल्याप्रमाणे गोठवून वापरता येते. चुकून एखादा किडा किंवा त्याची अंडी पोटात गेल्याने निरोगी माणसाला सहसा अपाय होत नाही.

मात्र भुंगेऱ्यांची संख्या वाढली की ते क्विनोन नावाच्या वर्गातील तिखट, उग्र वासाची रसायने सोडतात. अशा पिठाला एक कोंदट, औषधी वास येतो, रंग करडा किंवा गुलाबीसर होतो आणि पोळीची चव बिघडते. हा वास चाळून जात नाही, भाजूनही जात नाही. असे पीठ, जाळी आणि गाठी झालेले पीठ, बुरशीचा वास येणारे पीठ, आणि पृष्ठभागावरची धूळ स्वतःच सरकते आहे असे वाटावे इतक्या सूक्ष्म कोळीवर्गीय किडींनी भरलेले पीठ टाकूनच द्यावे. या सूक्ष्म किडींमुळे काहींना ॲलर्जीचा गंभीर त्रास होऊ शकतो. घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा रुग्ण असेल, तर थोड्याशा शंकेवरही पीठ टाकावे.

टाकतानाही काळजी घ्यावी. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात उघडे पीठ टाकले, तर तांबडे भुंगेरे चालत आणि उडत परत येतात. पीठ जाड पिशवीत भरून तोंड घट्ट बांधावे आणि त्याच दिवशी घराबाहेर पाठवावे. अंगण असेल, तर पाण्यात कालवून खताच्या खड्ड्यात मातीखाली पुरावे.

विकत आणलेले सीलबंद पीठ उघडताच त्यात किडे निघाले, तर ते निमूटपणे चाळून वापरण्याचे कारण नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्यात किडे किंवा अळ्या लागलेले अन्न असुरक्षित अन्नाच्या व्याख्येत मोडते. पाकीट, त्यावरचा बॅच क्रमांक आणि पावती जपून ठेवून ते दुकानदाराला परत करावे.

तिसरी पायरी: ठेवायच्या पिठातील अंडी मारावीत

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच बहुधा वगळली जाते. चाळल्यानंतर उरलेल्या पिठात अंडी आणि अगदी लहान अळ्या आहेत असे गृहीत धरूनच पुढचे काम करावे.

सर्वांत खात्रीचा घरगुती उपाय म्हणजे गोठवणे. पीठ एक-एक किलोच्या पिशव्यांत भरावे, पिशवी दाबून चपटी करावी आणि हवा काढून तोंड घट्ट बंद करावे. पीठ उष्णतेचे मंदवाहक असल्याने पाच किलोचा गोळा तसाच ठेवला, तर त्याच्या मध्यापर्यंत गारवा पोहोचायला फार वेळ लागतो. चपट्या पिशव्यांचा उपयोग येथेच होतो. दोन दारांच्या फ्रिजचा फ्रीजर साधारणपणे उणे १८ अंशांवर चालतो. त्यात या पिशव्या किमान चार दिवस आणि जागा असेल तर आठवडाभर ठेवाव्यात. एका दाराच्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा इतका थंड असतोच असे नाही. त्यात आइस्क्रीम दगडासारखे घट्ट राहत नसेल, तर पीठ दोन ते तीन आठवडे ठेवावे.

गोठवलेली पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. बाहेरच्या दमट हवेतली वाफ थंड वस्तूवर पाण्याचे थेंब होऊन बसते, हे थंड तांब्यावर आपण रोज पाहतो. पिशवी बंद असताना हे थेंब बाहेरून जमतात आणि पुसता येतात. उघडी असेल तर ते पिठात मुरतात आणि चार दिवसांत बुरशी येते. म्हणून पिशवी बंदच ठेवून पाच-सहा तास किंवा रात्रभर तशीच राहू द्यावी, बाहेरून पुसावी आणि मग पीठ पुन्हा एकदा चाळून कोरड्या डब्यात भरावे.

उष्णतेनेही अंडी मरतात. पिठाचा प्रत्येक कण ६० अंशांपर्यंत तापून तासभर राहिला, तर किडीची कोणतीही अवस्था टिकत नाही. घरी हे रव्याच्या बाबतीत सहज जमते. रवा आणल्याबरोबर मंद आचेवर कोरडाच, रंग न बदलता, हाताला चांगला चटका बसेपर्यंत भाजावा आणि पूर्ण गार झाल्यावर भरावा. उपम्याला आणि शिऱ्याला तो तसाच वापरता येतो. थालीपिठाच्या भाजणीतील धान्ये भाजून दळलेली असतात, त्यामुळे दाण्यांतून आलेली कीड त्या भाजणीत उतरत नाही. पोळीचे पीठ मात्र कढईत भाजू नये, कारण उष्णतेने गव्हातील चिवट प्रथिने बिघडतात, कणीक ताणली जात नाही आणि पोळी लाटताना तुटते. तेथे गोठवणेच योग्य.

उन्हाबद्दल थोडे वेगळे सांगावे लागते. गव्हाला ऊन दाखवण्याची आपली पद्धत उत्तम आहे, परंतु परातीत पीठ ओतून उन्हात ठेवले, तर भुंगेरे उष्णता टाळून पिठाच्या तळाशी जातात किंवा परातीबाहेर पळतात. परात रिकामी झाल्यासारखी दिसते आणि आपल्याला काम झाल्याचे समाधान मिळते. अंडी मात्र जिवंत राहतात. उन्हाचा उपयोग पिठातील ओल कमी करण्यापुरता समजावा.

चौथी पायरी: फडताळ, ट्रॉली आणि भांडी यांची सफाई

पीठ फ्रीजरमध्ये असते त्या दिवसांत हे काम उरकून घ्यावे. आधी पूर्ण कोरडी सफाई करावी. व्हॅक्यूम क्लीनर असेल, तर त्याच्या बारीक तोंडाने मांडणीच्या फटी, बिजागऱ्यांच्या मागची जागा, ट्रॉलीच्या सरकत्या पट्ट्या आणि फळी टेकवायच्या खुंट्यांची भोके ओढून घ्यावीत आणि नंतर त्याची पिशवी घराबाहेर रिकामी करावी. नसेल, तर रंगाचा जुना कुंचला आणि सुई पुरेशी होते. थेट ओले फडके फिरवले, तर फटीतल्या पिठाची लापशी होऊन ती तेथेच वाळते आणि किडीला पुढच्या पिढीचे अन्न मिळते. फटी कोरड्या साफ झाल्यावर साबणाच्या गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि पंखा लावून पूर्ण वाळू द्यावे. फळ्यांवर अंथरलेली वर्तमानपत्रे काढून टाकावीत. अळ्यांना कोष करायला त्यांच्याखालची सपाट, अंधारी जागा फार सोयीची असते.

खाद्यपदार्थांच्या फडताळात झुरळांचा किंवा डासांचा फवारा मारू नये. फटीच्या तळाशी असलेल्या अंड्यापर्यंत तो पोहोचत नाही, पण डब्यांवर आणि झाकणांवर मात्र बसतो.

डबे गरम पाण्याने धुऊन, झाकणाच्या आतल्या वळलेल्या कडेतून जुना टूथब्रश फिरवावा. स्टीलच्या डब्यांच्या झाकणाला आत एक दुमड असते आणि तिच्यात पीठ दाबून बसते. डबे दिवसभर उन्हात वाळवावेत. सावलीत पुसून लगेच भरलेल्या डब्याच्या तळाशी ओल राहते. चाळणीचे कडे उकळत्या पाण्यात बुडवून, आपटून, पुन्हा उन्हात ठेवावे. कापडी पिशवी उलटी करून गरम पाण्यात धुवावी.

घरघंटी असेल, तर तिला वेगळा वेळ द्यावा. अलीकडे अनेक घरांत ती आली आहे आणि दळण स्वतःच्या डोळ्यांसमोर होते हे चांगलेच आहे. परंतु दळणाच्या कप्प्यात, जाळीच्या मागे आणि पीठ पडण्याच्या नळीत मूठ-दोन मुठी पीठ नेहमी उरते. ते महिनाभर तसेच राहिले, तर तेथे भुंगेऱ्यांची वसाहतच होते. आधी प्लग भिंतीतून काढावा आणि मगच कप्पा उघडून कुंचल्याने प्रत्येक दळणानंतर तो झाडावा. बरेच दिवस घंटी बंद असेल, तर पहिली मूठ-दोन मुठी धान्य दळून ते पीठ वेगळे काढून टाकावे.

पाचवी पायरी: पीठ कसे भरावे आणि किती आणावे

कीड गेल्यावर ती पुन्हा येऊ न देणे हे बहुतांशी दळणाच्या हिशेबावर अवलंबून असते. वर सांगितल्याप्रमाणे अगदी पोषक हवेतही अंड्यापासून नवा भुंगेरा तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे दळण पंधरा दिवसांत संपत असेल, तर गिरणीतून एखादे अंडे आले तरी त्याची पुढची पिढी जन्मण्याआधी डबा रिकामा होतो. एक किलो पिठाच्या साधारण ३५ ते ४० पोळ्या होतात. रोज वीस पोळ्या लागणाऱ्या घराला पंधरा दिवसांना साडेसात-आठ किलो पीठ पुरते. पावसाळ्यात यापेक्षा अधिक दळण आणू नये. वर्षाचे धान्य भरायचे असेल, तर ते लोकवन असो वा अन्य कोणते, गव्हाच्याच रूपात भरावे, कारण अखंड दाण्याची साल तांबड्या भुंगेऱ्याला अडवते आणि पिठाला ते संरक्षण नसते.

ज्वारी-बाजरीच्या पिठाला तर किडीआधीच वेळेची मर्यादा असते. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते आठवडाभरातच कडवट होऊ लागते, आणि ज्वारीचे पीठ जुने झाले की भाकरी थापताना कडा चिरतात. ही पिठे दोन-तीन किलोच आणावीत.

पिठाच्या साठवणीतला सर्वांत कडक नियम म्हणून मी एकच सांगेन: जुन्या पिठावर नवे पीठ ओतू नये. डब्याच्या तळाशी राहिलेले वाटीभर पीठ वाया जाऊ नये म्हणून आपण नवे दळण त्यावरच ओततो आणि ते तळाचे पीठ महिनोन्‌महिने कधीच वर येत नाही. डब्यात तीच जागा किडीला कायमची मिळते. उरलेले पीठ वेगळ्या वाटीत काढावे, ते आधी वापरावे, डबा कोरड्या फडक्याने तळापर्यंत पुसावा आणि मग नवे भरावे. दोन डबे आळीपाळीने वापरले, तर हा नियम आपोआप पाळला जातो.

गिरणीतून आणलेले पीठ हाताला गरम लागते. ते तसेच बंद केले, तर आतली वाफ झाकणाला जमून पुन्हा पिठात उतरते. परातीत पसरून, वर पातळ सुती कापड टाकून, दोन-तीन तास गार होऊ द्यावे. साठवणीचा डबा रबरी किंवा सिलिकॉनची कडी असलेला, घट्ट झाकणाचा घ्यावा. नुकती जन्मलेली अळी सुमारे एक मिलिमीटरची आणि केसासारखी बारीक असते, त्यामुळे साध्या स्टीलच्या झाकणाची फट तिला मोठ्या दरवाजासारखीच असते. रोजच्या वापराचे दोन-तीन किलो पीठ लहान डब्यात काढावे आणि बाकीचा मोठा डबा आठवड्यातून एकदाच उघडावा. बेसन, मैदा, राजगिरा आणि शिंगाड्याचे पीठ यांसारखी क्वचित लागणारी पिठे थेट फ्रिजमध्ये ठेवावीत. चार-पाच अंशांवर किडीची वाढ होत नाही. दुकानातून पोत्यातले पीठ घेताना पोत्याची शिवण पाहावी, कारण शिवणीच्या भोकांतून किडे सहज आत शिरतात.

पाला, बोरिक आणि गोळ्या यांविषयी

कडुनिंबाचा पाला, तमालपत्र, लवंग आणि खडेमीठ हे आपल्या घरांतील जुने उपाय आहेत. निंबाच्या घटकांनी किडीची भूक आणि वाढ मंदावते, हे खरे आहे. सावलीत खडखडीत वाळवलेला पाला गव्हाच्या कोठीत थरांमध्ये घालावा. पूर्वापार चालत आलेली एरंडेल चोळण्याची पद्धतही धान्यासाठी ठीक आहे. पिठात मात्र पाल्याचा चुरा मिसळतो, पीठ कडू होते आणि पाला अर्धवट ओला असेल, तर तोच बुरशी आणतो. तमालपत्राची दोन पाने ठेवायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर गोठवणे आणि सफाई टाळू नये, कारण आधीच घातलेली अंडी या वासांनी मरत नाहीत.

बोरिक पावडर काही घरांत तांदळाला आणि डाळींना लावतात. ती पोटात जाणे आरोग्याला घातक आहे आणि पीठ तर धुताही येत नाही. पिठाजवळ ती आणूच नये.

धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवणे जिवाशी गाठ आहे. हवेतील ओलाव्याशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सुटतो; तो दाराच्या फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेल्या माणसांना त्याची जाणीव होत नाही. या गोळ्यांचा वापर गोदामांसाठी, तोही अधिकृत आणि प्रशिक्षित लोकांच्या देखरेखीखाली करण्यासाठी आहे. कोणी ओळखीच्या दुकानातून एखाददुसरी गोळी आणून दिली, तरी ती स्वीकारू नये. हे मी आग्रहाने लिहीत आहे, कारण धान्य वाचवण्याच्या नादात माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत.

सहावी पायरी: सहा आठवडे लक्ष ठेवावे

सफाईनंतर पाखरू किंवा भुंगेरा दिसला नाही, म्हणून काम संपले असे लगेच मानू नये. कुठल्या तरी फटीतला एखादा कोष अजून फुटायचा असू शकतो. पतंगाचा त्रास झाला असेल, तर पतंगांसाठीचा कामगंध सापळा, म्हणजे मादीसारख्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा, फडताळात लावता येतो. त्यात नरच अडकतात, त्यामुळे कीड संपत नाही, पण ती उरली आहे की नाही हे कळते. दर आठवड्याला एका ठरावीक दिवशी रात्री पिठाचा पृष्ठभाग वाटीने सपाट करावा आणि सकाळी झाकण काढून उजेडात पाहावे. एखादी रेघ दिसली, तर तेवढा डबा पुन्हा फ्रीजरमध्ये जाईल आणि त्याच्या आजूबाजूची मांडणी पुन्हा झाडली जाईल. सलग सहा आठवडे पीठ सकाळी रात्रीइतकेच सपाट राहिले की वेगळी ठेवलेली इतर पाकिटे पुन्हा त्याच फडताळात लावायला हरकत नाही.